खुर्ची बसण्यासाठी असते

२ जानेवारी २००१, मंगळवार

नवी वही. ही फक्त माझ्यासाठी, म्हणून खरं तेच लिहायचं.

कॉम्प्युटरला माणसांची भाषा कळत नाही, कारण त्याला अक्कल नाही. ती आम्ही घालतोय. पाणी ओलं असतं, आई मुलापेक्षा मोठी असते, छत्री पावसात उघडतात. अशी साधी वाक्यं, प्रत्येक वाक्याची दोन टोकं, मधे बाण, आणि अशा सहा लाख बाणांचं एक जाळं. वाक्यं आमच्या वेबसाइटवर कुणीही येऊन फुकट टाइप करतं. तीन जणांनी 'खरं' म्हटलं की वाक्य जाळ्यात जातं. त्यानंतर मी. मी मुख्य निवडकार. घाण काढून टाकण्याचा अधिकार अख्ख्या लॅबमध्ये माझ्या एकट्याकडे आहे.

आणि घाण अपार आहे. आज सकाळची: 'बॉस मूर्ख असतो', तीनशे बारा मतं. 'माझ्या भावाच्या मोज्यांना वास येतो.' 'पिझ्झा.' नुसतं 'पिझ्झा'. ज्या लोकांना अक्कल नाही त्यांच्याकडूनच ती गोळा करायची. शिसारी येते.

डेमो २७ फेब्रुवारीला. आम्हाला पैसे देणाऱ्या फाउंडेशनच्या बाई येणार आणि चार ओळींची गोष्ट टाइप करणार, जाळ्याने ती समजून घ्यायची. जमलं तर पुढच्या पाच वर्षांचे पैसे नक्की.

संकल्प: रोज दोनशे वाक्यं तपासणे. डोनट बंद. आणि या हिवाळ्यात बर्फ मी उपसणार. बावीस वर्षं मर्ना उपसतेय, कारण गाडी ती चालवते, मी बसने जातो. तरी पण माणसाने बायकोसाठी काहीतरी करावं.

मर्नाला पोर्टलंडच्या एका शाळेने लायब्ररीतली नोकरी देऊ केलीये. तिकडे मेन राज्यात, गाडीने दोन तास. फेब्रुवारीअखेर उत्तर द्यायचंय. म्हणाली, तू बरोबर येणार असशील तर सांग, येणार नसशील तर तसं सांग, पण काहीतरी सांग. म्हटलं, डेमो झाला की बोलू. ती गप्प बसली. म्हणजे पटलं.

९ जानेवारी

जाळं रात्रभर स्वतःशी विचार करतं आणि सकाळी प्रश्नांची यादी काढून ठेवतं. उत्तरं मी द्यायची. आजचे: 'आई घरात असते. झुरळ घरात असतं. आई झुरळ आहे का?' नाही. 'लोक सोमवारी रडतात. सोमवार दुखतो का?' नाही. सहा लाख बाण आणि हे. चूक जाळ्याची नाही, खाद्याची आहे.

दोन डोनट. यादी वाचायची म्हणजे पोटात काहीतरी हवं.

१५ जानेवारी

या उकिरड्यात एक रत्न सापडलं. नाव घेतलंय 'थर्डफ्लोअर'. खरं नाव निवडकाराला दिसत नाही. शुद्ध, मोजकी, नेमकी वाक्यं. नमुने उतरवून ठेवतो:

'नळ गळतो असं सांगितलं की नवरा नळाकडे बघतो. बघण्याने नळ थांबत नाही.'

'माणसाने मान हलवली म्हणजे त्याने ऐकलं असं नाही.'

'दोघांसाठी केलेलं सूप एकटीने खाल्लं तर उद्याही तेच सूप असतं.'

याला म्हणतात निरीक्षण. मी प्रत्येकाला सोनेरी तारा दिला. बाई असावी. बहुधा इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरची नर्स. नवरा मात्र दगड दिसतोय. अशी माणसं असतात हे वाचूनही किळस येते.

गेलला दाखवलं. गेल आमची प्रोग्रामर, बाण जोडायचं काम तिचं. वाचून तिने विचारलं, लायल, तुझ्या घरचा नळ बरा आहे ना रे? म्हटलं, गळतो, पण मर्ना कधी कुरकुर करत नाही. गेल म्हणाली, हं. गेलला साहित्याची आवड नाही.

१६ जानेवारी

सकाळची यादी: 'नवरा सकाळी बोलत नाही. मेलेला माणूस बोलत नाही. नवरा मेलेला आहे का?' थर्डफ्लोअरच्या एका वाक्यावरून काढलंय. मी लिहिलं: नाही.

१७ जानेवारी

यादी: 'नवरा मेलेला नाही. मग तो का बोलत नाही?' याला हो-नाही चालेना. लिहिलं: कामात असतो.

२२ जानेवारी, सोमवार

शनिवार-रविवार बर्फ. गुडघ्याच्या वर. संकल्पाप्रमाणे उठलो, पण हातमोजे मिळेनात, आणि मिळाले तोवर मर्नाने निम्मी जागा मोकळी केलेली. अर्ध्यातून दुसऱ्याच्या कामात हात घालणं बरं नाही. खिडकीतून लक्ष ठेवलं. दोनदा ती बर्फ चुकीच्या बाजूला टाकत होती, ते वरून ओरडून सांगितलं. तिने वर पाहिलं नाही. वारा होता.

पुढच्या वेळी नक्की.

काम संपल्यावर तिने आमची पिवळी खुर्ची खाली नेली आणि गाडी काढून रिकाम्या जागेत ती ठेवून कामावर गेली. स्वयंपाकघरात खुर्च्या दोनच. दुसरीवर माझे प्रिंटआउट असतात. म्हणजे नाश्ता उभ्याने. अख्ख्या गल्लीत हाच तमाशा: खुर्च्या, इस्त्रीचं टेबल, एका ठिकाणी देवघरातून काढल्यासारखी सांता क्लॉजची मूर्ती. ज्याने बर्फ उपसला त्याची जागा, आणि ती खुर्चीने राखायची. बॉस्टनची ही रीत मला कधीच मान्य नव्हती. रस्ता नगरपालिकेचा आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा बर्फ. अलार्म वाजला होता असं मर्ना म्हणते.

साडेनऊला बाहेर पडलो तर आमची पिवळी खुर्ची रस्त्यात, भर बर्फात, गिऱ्हाईक नसलेल्या न्हाव्याच्या खुर्चीसारखी. वीट आला. घरातली वस्तू घरात असावी. उचलली, तीन जिने चढून वर आणली, पुसली, टेबलाशी लावली. घरकामात माझा वाटा नसतो असं कुणी म्हणू नये.

संध्याकाळी खाली फिलोमिनाबाईंनी दारातच गाठलं. घरमालकीण, पहिल्या मजल्यावर राहते, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरची, चाळीस वर्षं इथे. आमच्या जागेत कुणाची तरी निळी व्हॅन उभी होती. फिलोमिनाबाई म्हणाली, अरे बाबा, तुझी बायको दोन तास कंबर मोडून उपसत होती आणि तू खुर्ची उचललीस? माझा नवरा असता तर मी खुर्चीच्या जागी त्यालाच बसवला असता, टोपीसकट. मी शांतपणे सांगितलं की रस्ता नगरपालिकेचा आहे. तिने विचारलं, आणि बर्फ कुणाचा होता?

अशिक्षित माणसाशी वाद घालू नये.

मर्ना आठ वाजता आली. दोन गल्ल्या सोडून नवी जागा उपसली म्हणे. बूट न काढता खुर्चीवर बसून राहिली. मी म्हटलं, बघ, खुर्ची वर असली की कशी कामाला येते. ती म्हणाली, लायल, पोर्टलंडचं काय करू? म्हटलं, डेमो.

७ फेब्रुवारी

आज शिसारीचा कळस. बर्फामुळे अख्खं बॉस्टन घरात बसलं होतं आणि आमच्या साइटवर येऊन खुर्च्यांबद्दल लिहीत होतं. 'खुर्ची गाडीची जागा राखते.' 'दुसऱ्याची खुर्ची हलवू नये.' 'खुर्ची हलवणाऱ्याला त्याच्या टायरचं काय झालं ते सकाळी कळतं.' एकूण सदतीस. सगळ्यांना भराभर मतं. एकाला तर नव्वद.

हे ज्ञान नव्हे, ही गल्लीतली दादागिरी. सदतीसच्या सदतीस काढून टाकली. यात थर्डफ्लोअरची दोन होती, याचं दुःख झालं: 'परत येणारी बाई जागेवर खुर्ची ठेवून जाते.' आणि 'परत यायचं नसेल तर खुर्ची घरात आणतात.' तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तारा काढून घेतला.

त्या जागी स्वतःचं वाक्य घातलं: 'खुर्ची बसण्यासाठी असते.' याला मात्र मतं मिळेनात. एक माझं, एक माझंच दुसऱ्या मशीनवरून, तिसरं गेलला कॉफी पाजून घेतलं. तिने मत दिलं, पण म्हणाली, ती सदतीस राहू दे रे. म्हटलं, जगात कुठे चालते ही पद्धत? गेल म्हणाली, जगात नसेल, इथे चालते. तुझ्या जाळ्याला कुठेतरी राहायला नको का? हेच वाक्य ती लॅबचे प्रमुख प्रोफेसर क्विग्लींसमोरही म्हणाली. क्विग्ली माझ्याकडे बोट करून म्हणाले, निवडीचं होबार्टना कळतं. कळतंच.

१४ फेब्रुवारी, बुधवार

थर्डफ्लोअर आठ दिवस गप्प होती. आज एकच वाक्य: 'नंतर बोलू म्हणजे बोलायचं नाही.' तीन मिनिटांत अकरा मतं. बारावं माझं. तारा परत.

त्या बाईची कीव आली. साइटवरून लेखकाला निरोप पाठवता येतो. नियमात बसत नाही, पण मी पाठवला. लिहिलं: तुमची वाक्यं आमच्या जाळ्याचा कणा आहेत. त्यांतून तुमच्या नवऱ्याचं जे चित्र दिसतं ते पाहून वाईट वाटतं. असा माणूस सुधारत नाही. मी तुमच्या जागी असतो तर केव्हाच निघून गेलो असतो. आपला, मुख्य निवडकार.

दुपारी उत्तर आलं: 'हे तुम्ही मनापासून लिहिलंय का?'

लिहिलं: अगदी मनापासून.

एखाद्याच्या आयुष्यात आपला एवढा उपयोग व्हावा, बरं वाटलं. एकच डोनट.

घरी मर्ना माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग विचारलं, सूप गरम करून घेशील ना? म्हटलं, हो. गार खाल्लं. ती आत बॅग आवरत होती. थंडीचे कपडे आतापासून आवरायला काढलेत, फार टापटिपीची आहे.

आज काहीतरी विशेष दिवस होता असं बसमध्ये फुलं घेतलेल्या लोकांवरून वाटलं.

२६ फेब्रुवारी

फाउंडेशनच्या मॅकअडू बाईंना फ्लू. डेमो ७ मार्चला. मला धक्का नाही, तयारी अजून पक्की होईल.

मर्नाला सांगितलं, डेमो पुढे गेला, तर आपलं बोलणंही त्यानंतर. ती म्हणाली, परवा शेवटची तारीख आहे. मी मान हलवली.

२८ फेब्रुवारी, बुधवार

जाळ्याला गोष्ट दिली: 'मुलगी छत्री विसरली. पाऊस आला. ती घरी आल्यावर आईने टॉवेल दिला. का?' उत्तर: 'मुलगी ओली होती.' अचूक. मला भरून आलं. प्रोफेसरांनी पाठीवर थाप दिली. गेल म्हणाली, हे सोपं होतं.

संध्याकाळी मर्ना फोनवर कुणाला तरी होय होय, सोमवार बारा तारीख, म्हणत होती. नंतर माझ्यासमोर उभी राहून तिने काहीतरी लांबलचक सांगितलं. मी तेव्हा यादी वाचत होतो: 'नवरा कामात असतो. काम कधी संपतं?' शेवटी तिने विचारलं, ऐकलंस ना? मी मान हलवली.

६ मार्च, मंगळवार

दोन दिवस बर्फ. उद्या डेमो, त्यामुळे या खेपेला उपसणं शक्यच नव्हतं. पाठ सांभाळायला हवी, उभं राहून बोलायचंय. फावडं नेमकं कुठे ठेवतात हेही एकदा विचारून घ्यायला हवं. डेमोनंतर हिवाळा उरलाच तर नक्की.

मर्नाने सकाळी जागा उपसली. नेहमीपेक्षा जास्तच स्वच्छ, कडा फावड्याने सरळ केलेल्या. फिलोमिनाबाई तिला खाली बोलावून केल नावाच्या पालेभाजीचं सूप पाजत होती आणि मी जाताना दोघी गप्प झाल्या. बायकांचं काय ते.

उद्याचा क्रम ठरला. डेमो. टाळ्या. मग घरी येऊन मर्नाशी पोर्टलंडबद्दल सविस्तर बोलणे. माझं मत असं की तिने नाही म्हणावं. पण ऐकून घेईन.

७ मार्च, दुपारी ३.४०, लॅब

डेमो झाला. टाळ्या नाहीत.

मॅकअडू बाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, साऊथ बॉस्टनमध्ये वाढलेल्या. आम्ही दिलेल्या गोष्टींचा कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, मी माझीच एक टाइप करते, चालेल ना? टाइप केलं:

'रात्री खूप बर्फ पडला. कॅथलीनने दोन तास उपसून गाडीची जागा केली. कामावर जाताना तिने तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली. का?'

जाळ्याने चार सेकंद विचार केला. 'कॅथलीनला बसायचं होतं.'

कुणीतरी खोकलं. बाई हसल्या नाहीत. अजून एक ओळ टाइप केली: 'संध्याकाळी ती आली तर खुर्ची कुणीतरी उचलली होती. मग काय झालं?'

'कॅथलीनला उभं राहावं लागलं.'

आता सगळे हसले. प्रोफेसर क्विग्लीसुद्धा. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, अहो, माझ्या पाच वर्षांच्या नातीला विचारा, ती सांगेल. इतक्या लाखांत एकानेही याला सांगितलं नाही? मी म्हटलं, लोकांचा दर्जाच तसा आहे, काय करणार. तेवढ्यात गेलने काढून टाकलेल्या वाक्यांची पेटी पडद्यावर उघडली. सदतीस. प्रत्येकासमोर एकच नाव. होबार्ट, होबार्ट, होबार्ट, खालपर्यंत.

बाईंनी सगळी वाचली. सावकाश, चष्मा काढून पुन्हा घालून. थर्डफ्लोअरच्या दोन वाक्यांपाशी थांबल्या. म्हणाल्या, ही कोण? हिला कळतंय. पैसे मशीनला द्यायचे की नाही ते मी नंतर बघेन, पण हिला एकदा भेटवा. प्रोफेसर मला म्हणाले, होबार्ट, तुम्ही स्वतः जा, माफी मागा आणि त्यांना घेऊन या. तुम्हाला ठेवायचं की नाही ते त्या आल्यावर बघू.

गेलने मशीनमधून नोंदणीचा पत्ता काढला. चिठ्ठीवर लिहिताना मधेच थांबली. मग घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, लायल, टॅक्सी कर. बस नको.

टॅक्सी कशाला? नर्सची ड्युटी संपेपर्यंत वेळ आहे.

७ मार्च, ५.२०, बसमध्ये

चिठ्ठी उघडली. गल्ली आमची. घरनंबर आमचा. तिसरा मजला.

दोनदा वाचली.

म्हणजे मर्ना. इतके दिवस रत्न माझ्याच घरात. तरीच म्हटलं, एवढी नेमकी नजर येते कुठून. बावीस वर्षं माझ्याबरोबर काढल्यावर अशी दृष्टी येणारच. सगळं जमून आलं: घरी जायचं, तिला हात धरून उद्या लॅबमध्ये आणायचं, मॅकअडू बाई खूश, प्रोफेसर खूश, मर्नाला कदाचित तिथेच काम, पोर्टलंडचा विषयच संपला. वाटेत फुलं घेणार. संकल्प: नळ या शनिवारी.

फक्त एक हिशोब लागत नाही. मी रोज दोनशे वाक्यं वाचतो हे तिला माहीत होतं.

आणि तो निरोप.

७ मार्च, ६.३०, घर

आमची जागा स्वच्छ उपसलेली. कडा सरळ. गाडी नाही. खुर्चीही नाही. वाटलं, पुन्हा कुणीतरी उचलली. राग आला. कुणाची हिंमत, म्हणून तीन जिने चढून वर आलो.

पिवळी खुर्ची स्वयंपाकघरात, टेबलाशी लावलेली. पाय पुसलेले.

मर्नाने वर आणली. बर्फ वितळला असेल म्हणून आणली असेल. खिडकीतून पाहिलं. बर्फ पडत होता.

कपाटातली तिची बाजू रिकामी. शेगडीवर सूप, एकाचं. चिठ्ठी नाही. चिठ्ठीत लिहायचं ते सगळं तिने जानेवारीपासून लिहिलंय आणि मी त्याला तारे दिलेत.

फार वाईट वाटतंय. हे पहिल्या दिवशी ठरवल्याप्रमाणे खरं लिहितोय.

७.१०

कॉम्प्युटर लावला. तिची दोन वाक्यं काढलेल्यांतून परत घातली. मतं तीन लागतात. माझं एक दिलं. दुसऱ्या मशीनवरून देत नाही.

मग खुर्ची घेऊन खाली गेलो आणि तिने उपसलेल्या जागेच्या बरोबर मध्ये ठेवली. कडा भुरभुरत बुजायला लागल्या होत्या. फिलोमिनाबाई खिडकी उघडून म्हणाली, अरे, ती पोचली असेल रे आता पोर्टलंडला. कुणासाठी ठेवतोस? विचारलं, आमचं फावडं कुठे असतं? ती म्हणाली, तिच्या गाडीत.

वर आलो. दुसऱ्या खुर्चीवर प्रिंटआउट आहेत. उभ्यानेच लिहितोय.